ओटीपोटात असह्य दुखतंय: सकाळपर्यंत थांबायचं की रात्रीच निघायचं?

कापूस वेचणीचे दिवस होते. आमच्या जाऊबाई दुपारी रानातून आल्या त्याच ओटीपोट धरून. केज तालुक्यातल्या आमच्या गावात असं कुणी आलं की क्रम ठरलेला: आधी ओवा, मग बेंबी सरकली का ते बघणं, आणि दिवे लागेपर्यंत नाहीच थांबलं तर गावातल्या डॉक्टरची सुई. तसंच झालं. सुईनं तासभर बरं वाटलं. मग म्हणाल्या, "आता खांदा बी दुखाया लागलाय." आम्ही म्हटलं, दिवसभर कापसाचं ओझं वाहिलंय, दुखणारच. रात्री दहाच्या सुमाराला त्या संडासला गेल्या आणि डोळ्यांपुढं अंधारी आली म्हणून दारातच खाली बसल्या. ओठ पांढरे पडलेले, कपाळावर गार घाम. तेव्हा कुठं आमच्या घरात गाडीचा विषय निघाला.

अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात सिस्टरनं विचारलेला पहिला प्रश्न पोटाबद्दल नव्हताच. "पाळी कधी आली होती?" सासूबाई जरा रागावूनच म्हणाल्या, "अवं, तिचं ऑपरेशन झालंय, सहा वर्षं झाली." सिस्टर म्हणाल्या, "झालं असू द्या, आपण लघवी तपासू." पट्टीवर दोन रेघा उमटल्या. गर्भ पिशवीऐवजी तिला जोडलेल्या नळीत वाढत होता, नळी फुटली होती आणि पोटात रक्त साचलं होतं. खांद्याचा आणि कापसाच्या ओझ्याचा काही संबंध नव्हता. पोटात साचलेलं रक्त छाती आणि पोटाच्या मधल्या पडद्याला लागलं की त्याची कळ खांद्याच्या टोकाला उमटते, कारण दोन्हीकडच्या नसा मानेत एकाच भागातून निघतात. त्याच रात्री ऑपरेशन झालं, रक्ताच्या दोन पिशव्या चढवल्या, आणि बाई वाचल्या.

मी डॉक्टर नाही. पण त्या रात्रीपासून जिथं संधी मिळाली तिथं सिस्टरांना, आशाताईंना, बाईंच्या डॉक्टरांना विचारत आले, आणि एक गोष्ट पक्की कळली. निघायचं की थांबायचं, हे कोण किती मोठ्यानं ओरडतंय त्यावर ठरवायचं नसतं. दुखण्याच्या सोबतीला काय आलंय, ते बघायचं. मुतखडा झालेला माणूस गडाबडा लोळतो, अख्खी गल्ली जागी करतो. पोटात रक्त साचत असलेली बाई मात्र हलली की जास्त दुखतं म्हणून मुकाट पडून असते, आणि घरच्यांना वाटतं, झोप लागली, म्हणजे बरं वाटलं.

आधी दोन मिनिटं: उठवून बसवा आणि बघा

पोट दाबून बघायच्या आधी माणसाकडं बघा. ओठ आणि डोळ्यांच्या खालच्या पापणीचा आतला भाग पांढरा पडलाय का? हातपाय गार, अंगाला चिकट घाम आहे का? पडल्या जागेवरून बसवलं की चक्कर येते का? मनगटाची नाडी घड्याळ लावून मोजा. शांत पडून असताना मिनिटाला शंभराच्या बरीच वर जात असेल तर शरीर आत काहीतरी भरून काढायची धडपड करतंय. बोलणं असंबद्ध होत असेल, दम लागत असेल, पोट फळीसारखं कडक झालं असेल, तर पुढचं वाचू नका. 108 लावा.

मग पाळीची तारीख

दहा-बारा वर्षांच्या मुलीपासून पाळी पूर्ण बंद न झालेल्या बाईपर्यंत कुणाचंही ओटीपोट दुखत असेल तर शेवटची पाळी कधी आली होती, हे विचारायचंच. आणि एकटीला विचारायचं. सासू, नवरा, भाऊ खोलीत असताना मिळालेल्या उत्तरावर फार भरवसा ठेवू नये. पाळी चार-आठ दिवस लांबली असेल, किंवा आली पण नेहमीसारखी नाही, नुसतेच काळपट डाग पडतायत, तर दिवस गेलेत असं धरून चाला.

गरोदरपणाची तपासणी घरी पाच मिनिटांत होते. 'निश्चय' नावाचं सरकारी किट आशाताईंकडं फुकट मिळतं, मेडिकलमध्येही साधी पट्टी मिळते. पट्टीवर दोन रेघा आल्या आणि ओटीपोटात एका बाजूला जोराची कळ असली, तर त्याच रात्री सोनोग्राफीची सोय असलेल्या दवाखान्यात जायचं. रक्त जात असो वा नसो. नळीतला गर्भ बहुतेक वेळा पाळी चुकल्यानंतर थोड्याच दिवसांत, सहाव्या ते आठव्या आठवड्याच्या आसपास त्रास द्यायला लागतो. कित्येकींना तोवर दिवस गेल्याचंच माहीत नसतं. पट्टीवर एकच रेघ आली तर दिवस गेले नाहीत असं बऱ्यापैकी धरता येतं, पण अंधारी येत असेल तर त्या एका रेघेवर विसंबून घरी बसू नका.

"ऑपरेशन झालंय" आणि "तांबी बसवलीय" ही दोन वाक्यं आपल्याकडं फार घात करतात. दोन्हींनी दिवस जायची शक्यता पुष्कळ कमी होते, हे खरंच. पण त्यातूनही कुणाला गेलेच, तर तो गर्भ नळीत असण्याचा संभव इतरांपेक्षा जास्त असतो. म्हणजे ज्या गोष्टीच्या जोरावर आपण निर्धास्त होतो, तिच्यामुळंच जास्त सावध व्हायला हवं. हे आमच्या सासूबाईंना आजही पटत नाही.

मेडिकलमधून गर्भपाताच्या गोळ्या परस्पर आणून घेतल्या असतील तर ते कुणापासूनही लपवा, डॉक्टरपासून लपवू नका. त्या गोळ्या नळीतल्या गर्भावर चालत नाहीत. रक्त जातं, बाईला वाटतं मोकळी झाले, आणि आत नळी फुगतच राहते. गोळ्यांनंतर पोटात मुरडा येतो आणि रक्त जातं, तेवढं अपेक्षित असतं. पण तासाला दोन पॅड पूर्ण भिजतायत आणि असं सलग दोन तास चाललंय, ताप आलाय, घाण वास येतोय, तर लगेच निघा. सज्ञान बाईनं नियमांत राहून गर्भपात करून घेणं हा गुन्हा नाही. कायद्यात त्याची मुदत आणि नियम ठरलेले आहेत आणि तिचं नाव गुप्त ठेवणं डॉक्टरला बंधनकारक आहे.

पोट दिसायला लागलेल्या गरोदर बाईचं वेगळं. पोट दगडासारखं कडक होऊन सैलच पडत नाही, रक्त जातंय, पाणी गेलंय किंवा बाळाची हालचाल कमी वाटतेय, यातलं एकही असेल तर वाट बघायची नाही.

कळ सुरू कशी झाली, ते शब्दांत पकडा

"कवापासून दुखतंय?" एवढ्यानं भागत नाही. "कळ आली तेव्हा काय करत होतीस?" असं विचारा. हंडा उचलताना, पायरी उतरताना, संबंधाच्या वेळी, असा नेमका क्षण सांगता आला तर ती कळ अचानक सुरू झालेली आहे. एका बाजूला अचानक उठलेली, मळमळ आणि उलट्या घेऊन आलेली कळ ही अंडाशयाला पीळ पडल्याची असू शकते. अंडाशयावर गाठ असली की ते जड होतं आणि आपल्याच देठाभोवती फिरतं. रक्तपुरवठा तुटतो. या दुखण्याची खोड अशी की पीळ थोडा सैल झाला की कळ ओसरते, माणूस उठून चहा पितो, आणि दोन तासांनी परत तेच. मधल्या आरामाला भुलू नका. काही तासांत पीळ सोडवला तर अंडाशय वाचतं, उशीर झाला तर काढावं लागतं. लहान मुलींनाही हे होतं.

अपेंडिक्सची चाल उलटी. ते हळूहळू येतं. आधी बेंबीभोवती अस्वस्थ वाटतं, जेवण नको होतं, मग पाच-दहा तासांत दुखणं उजव्या बाजूला खाली सरकतं आणि तिथंच ठाण मांडतं. आमच्याकडं यासाठी रस्त्यांनी फुकटची तपासणी ठेवलीय: गाडी खड्ड्यात आदळली की पेशंट उजवी बाजू धरून कळवळतो. घरी बघायचं असेल तर खोकायला सांगा, किंवा टाचा उचलून धपकन टेकवायला सांगा. त्या धक्क्यानं एकाच जागी कळ उमटत असेल तर पोटाच्या आतल्या अस्तराला सूज आलेली असू शकते, आणि तो प्रश्न सकाळपर्यंत ठेवण्यातला नसतो.

मुतखडा मराठवाड्याला सांगायला नको. उन्हाचा चटका, दिवसभर रानात काम आणि पाणी कमी पिणं, यामुळं घरटी कुणीतरी ओळखीचा निघतोच. कळ पाठीतून कुशीत आणि तिथून जांघेत उतरते, माणसाला एका जागी बसवत नाही. नुसता खडा, उलट्या नाहीत, लघवी होतेय, तर दुखण्याच्या गोळीवर रात्र काढून सकाळी दाखवता येतं. पण खड्यासोबत थंडी वाजून ताप आला तर अडकलेल्या लघवीत जंतू वाढतायत असं समजा. ते विष रक्तात चढायला वेळ लागत नाही, तेव्हा थांबू नका. लघवी पूर्ण अडली असेल, एकच मूत्रपिंड असेल किंवा बाई गरोदर असेल तरीही तसंच.

तापाचं आणखी एक सांगायचं. 100.4 किंवा त्याहून जास्त ताप, ओटीपोटात दोन्ही बाजूंना दुखणं आणि अंगावर वास मारणारं पिवळट पाणी जाणं, हे तिन्ही एकत्र आले तर पिशवी आणि नळ्यांना जंतुसंसर्ग झालेला असू शकतो. बाळंतपण, गर्भपात किंवा तांबी बसवून थोडेच दिवस झाले असतील तर शंका अजून बळावते. पाणी नेहमीच जातं, त्यात काय, असं म्हणून ही गोष्ट महिनोन् महिने अंगावर काढली जाते. ताप आणि उलट्या असतील तर त्याच रात्री, नसतील तर दुसऱ्या दिवशी दाखवायचंच.

मुलग्यांचं विसरू नका

दहावी-बारावीतला मुलगा "पोट दुखतंय" म्हणतो, कुठं ते सांगत नाही, लाजेनं पाय आवळून बसतो. बापानं किंवा काकानं बाजूला घेऊन सरळ विचारावं, "खाली दुखतंय का?" वृषणाला पीळ पडला तरी दुखणं ओटीपोटात जाणवतं. इथं हातात साधारण सहा तास असतात. उशीर झाला तर वृषण गमवावं लागतं. सकाळी शाळेला जाताना बघू, हे चालत नाही.

निघेपर्यंत घरात काय करू नये

पोट चोळू नका, बेंबी बसवायला कुणाला बोलावू नका. एरंडेल किंवा जुलाबाचं औषध देऊ नका, सुजलेलं अपेंडिक्स त्यानं फुटू शकतं. ऑपरेशन लागू शकतं असं वाटत असेल तर खायला देऊ नका. "काहीतरी पोटात जाऊ दे, अशक्त होईल" म्हणून दिलेल्या दोन पोळ्यांमुळं भूल द्यायला अडचण येते. घसा कोरडा पडला तर घोटभर पाणी, बस.

दुखणं थांबवलं तर डॉक्टरला रोग कळणार नाही, ही भीती जुनी आहे. पॅरासिटॅमॉलची एक गोळी दिली तर निदान चुकत नाही, फक्त कोणती गोळी किती वाजता दिली ते लिहून ठेवा. धोका वेगळाच आहे. गावात एकामागून एक तीन सुया टोचून घ्यायच्या आणि प्रत्येक सुईनंतर "बघू आता, थांबतंय का" म्हणत बसायचं, यात रात्र जाते. माझा हिशेब साधा आहे: एका सुईनं चार तासांत पूर्ण आराम नाही, तर दुसरी सुई गावात नाही.

कुठं जायचं, हे गाडीत बसायच्या आधी ठरवा

108 ला फोन केला की वय, पाळीची तारीख, चक्कर आली की नाही आणि गावाजवळची खूण सांगा. त्या गाडीत डॉक्टर असतो, सलाईन आणि ऑक्सिजन असतो, म्हणून अंधारी येणाऱ्या पेशंटसाठी ती भाड्याच्या जीपपेक्षा केव्हाही बरी. गरोदर बाईसाठी 102 ची गाडीही आहे. गाडीला उशीर लागणार असं कळलं तर मिळेल त्या चारचाकीनं निघा, पण मोटारसायकलवर मध्ये बसवून नेऊ नका. आडवं झोपवा, पाय उशीवर थोडे वर ठेवा. पोट मोठं असलेली गरोदर बाई असेल तर डाव्या कुशीवर.

प्राथमिक आरोग्य केंद्रात सलाईन आणि पहिली सुई मिळते, पोट उघडायची सोय नसते. रात्री ग्रामीण रुग्णालयात भूल देणारा डॉक्टर असेलच असं नाही. म्हणून निघताना घरातल्या एकानं फोन लावून तीनच गोष्टी विचाराव्यात: आत्ता सोनोग्राफी होईल का, भुलीचे डॉक्टर आहेत का, रक्त मिळेल का. तिन्हींना "हो" मिळणारी जागा म्हणजे बहुधा जिल्ह्याचं रुग्णालय किंवा मेडिकल कॉलेज: संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ, लातूरचं, नांदेडचं विष्णुपुरीतलं. पेशंट फारच खचला असेल तर आधी जवळच्या ठिकाणी सलाईन लावून घ्या आणि तिथूनच पुढची गाडी मागा.

सोबत आधार, रेशन कार्ड, जुन्या सोनोग्राफीचे कागद, चालू गोळ्यांची पाकिटं आणि रक्त देऊ शकतील अशी दोन माणसं असावीत. महात्मा फुले जनआरोग्य योजनेसाठी रेशन कार्ड लागतं. पण कागद सापडत नाहीत म्हणून अर्धा तास पेटी उचकत बसू नका, ते मागून आणता येतात.

उसतोडीला गेलेल्या टोळ्यांना हे सगळं अवघड जातं. खोपी फडात, फड परक्या जिल्ह्यात, आणि एक दिवस कोयता थांबला की खाडा. पण 108 सगळ्या महाराष्ट्रात चालतो आणि कर्नाटकातही चालतो. कारखान्याचं नाव आणि गट नंबर सांगितला तर गाडीला फड सापडतो. मुकादमाला नंतर कळवा.

दारात पोचल्यावर काय बोलायचं

बऱ्याच सरकारी दवाखान्यांत तातडीच्या खोलीवर "अपघात विभाग" अशी पाटी असते. आपण पोटदुखीचे, अपघाताचे नाही, म्हणून मी माणसं बाहेरच्या बाकावर सकाळच्या ओपीडीची वाट बघत बसलेली पाहिली आहेत. तीच खोली आपली. आत जा. आणि "पोटात लई दुखतंय हो" असं नुसतं म्हणू नका, कारण तिथं रात्रभर सगळेच तसं म्हणत असतात. एका दमात सांगा: "दीड महिना पाळी नाही, दुपारी दोनपासून डाव्या बाजूला कळ, दोनदा चक्कर आली, संध्याकाळी सात वाजता एक इंजेक्शन झालंय." एवढ्या वाक्यानं टेबलामागचा माणूस मान वर करून बघतो. लघवीची गरोदरपणाची तपासणी झाली का, हे स्वतःहून विचारा.

ज्याला तातडी लागत नाही

दर महिन्याला पाळीच्या पहिल्या-दुसऱ्या दिवशी येणारं, दरवेळी तसंच आणि तेवढंच असणारं दुखणं रात्री दवाखान्यात न्यायची गरज नसते. गरम पाण्याची पिशवी आणि काहीतरी खाऊन घेतलेली मेफेनॅमिक अ‍ॅसिडची गोळी बहुतेकींना पुरते. दिवस गेल्याची शंका, अल्सर, मूत्रपिंडाचा त्रास किंवा दमा असेल तर ती गोळी विचारल्याशिवाय घेऊ नये. मात्र दर महिन्याला काम बंद पडतंय, दुखणं वर्षागणिक वाढतंय, संबंधाच्या वेळी किंवा संडासच्या वेळी कळ येतेय, तर ते "बायकांचं असतंच" यात मोडत नाही. एंडोमेट्रिओसिस असू शकतो, म्हणजे पिशवीच्या आतल्या अस्तरासारखं अस्तर पिशवीबाहेर वाढणं. दिवसा, वेळ घेऊन, बाईंच्या डॉक्टरला दाखवा.

इथं आपल्या भागाची दुसरी चूक दिसते. तातडीच्या दुखण्याला आपण ओवा देतो, आणि वर्षानुवर्षं दुखणाऱ्या पोटासाठी घाईनं पिशवी काढून मोकळे होतो. बीड जिल्ह्यात तीन वर्षांत 4605 बायकांच्या पिशव्या काढल्याचा आकडा 2019 मध्ये विधिमंडळात सांगितला गेला, त्यावर चौकशी समिती नेमली गेली. त्यात उसतोड करणाऱ्या कितीतरी होत्या, पाळीमुळं खाडा नको म्हणून. अंगावर पांढरं जाणं, पाळीत दुखणं, छोटी गाठ, यासाठी "आजच्या आज पिशवी काढा, नाहीतर कॅन्सर होईल" असं कुणी म्हणालं तर कागद हातात घ्या, बाहेर या आणि दुसऱ्या डॉक्टरला दाखवा. दोन-चार दिवसांनी काही बिघडत नाही.

घरी पाठवलं तर

तपासून "काळजीचं नाही" म्हणून परत पाठवलं, तरी एकदा विचारून घ्या: काय झालं तर परत यायचं? उत्तर कागदावर लिहून मागा. चक्कर, ताप, थांबत नसलेल्या उलट्या, वाढतं रक्त किंवा परत उठलेली कळ, यातलं काही दिसलं तर त्याच रात्री दुसऱ्यांदा गेलात तरी लाजायचं कारण नाही. नळीतला गर्भ पहिल्या सोनोग्राफीत दिसला नाही असं होतं. मग रक्तातली गरोदरपणाची तपासणी करून साधारण 48 तासांनी तीच परत करतात, ती चुकवू नका. गरोदरपणातलं काही निघालं आणि बाईचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर पुढच्या बाळाला धोका होऊ नये म्हणून देतात त्या अँटी-डी इंजेक्शनचं विचारा. एकदा नळीत गर्भ राहिलेल्या बाईला पुन्हा दिवस गेले तर पाळी चुकल्या चुकल्या सोनोग्राफी करायची.

जाऊबाईंच्या डिस्चार्ज कार्डाचा फोटो आता घरातल्या सगळ्यांच्या मोबाइलमध्ये आहे. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर त्या दर महिन्याला एका तारखेला हळदीचं बोट लावतात. सासूबाई पहिल्या वेळी पुटपुटल्या, "भिताडावर काय हे." मग मागच्या दिवाळीत नातीला पहिली पाळी आली, तेव्हा त्यांनीच विचारलं, "हिचं बोट कुठं लावायचं?"